जळकं ऑइल जपणारा ड्रम

मित्रांनो, माझा वास सहन होत नसेल तर खुशाल नाकाला रुमाल लावा, मला राग नाही. मी एक जुना ड्रम आहे. दोनशे लिटरचा, लोखंडी पत्र्याचा, कधीकाळी निळा असलेला. आता निळा रंग तेवढा बुडाजवळ चार बोटं उरलाय, बाकी सगळा गंज आणि ओघळ. एका गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून मी उभा आहे. भंगाराची गाडी येईपर्यंत मला दुसरं काही काम नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सपाट पत्रा गोल वळवला, त्याला उभी शिवण घातली, पोटावर दोन कडी उमटवली, खाली बूड बसवलं आणि वर झाकण. झाकणाला दोन बुचं, एक मोठं आणि एक लहान. पहिल्यांदा माझ्यात नवं कोरं इंजिन ऑइल भरलं, तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो. मधासारखा रंग होता त्याचा. या गॅरेजमध्ये मी आलो तो असा, भरलेला आणि मिजाशीत.

मिजास चार महिने टिकली. ऑइल संपलं आणि मला अंगणात काढून ठेवलं. कुणी माझ्यावर ओला टॉवेल वाळत घाली, कुणी चहाचा कप ठेवून विसरून जाई. रिकाम्या ड्रमला कोण विचारतो?

गॅरेजच्या मालकाला सगळे मिस्त्री म्हणत. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. खिशात कायम एक चिंधी. हसला तर आवाज व्हायचा नाही, फक्त पोट हलायचं. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायचा. पण त्या काळात एक गोष्ट तो बिनदिक्कत करायचा. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल मागच्या चरात ओतून द्यायचा. सगळेच ओतायचे. जमीन पिऊन टाकते, म्हणायचे.

एका सकाळी पलीकडच्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या परसात विहीर होती. कडेवर भरलेली कळशी होती. ती त्यांनी मिस्त्रीच्या टेबलावर, पान्यांच्या मधोमध ठेवली.

"पाणी आणलंय मिस्त्री. प्या."

मिस्त्रीनं कळशीत पाहिलं. पाण्यावर एक पातळ तवंग होता आणि त्यात जांभळे, हिरवे, सोनेरी रंग हळूहळू फिरत होते. दिसायला सुंदरच होतं ते.

"अहो, प्या ना. तुमचंच आहे."

मिस्त्री चिंधीला हात पुसत राहिला. बाई कळशी तिथेच ठेवून निघून गेल्या. ती दिवसभर टेबलावर होती. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय?" आणि मिस्त्री गाडीखाली शिरायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं मला अंगणातून आत ओढलं, घासलं, दोन फळ्यांवर उभं केलं आणि पांढऱ्या रंगानं माझ्या पोटावर लिहिलं: "जळकं ऑइल. दुसरं काही नाही."

त्या दिवसापासून माझं खरं आयुष्य सुरू झालं.

माझ्या शेजारी एक झाकणाचा प्लास्टिकचा कॅन आला. तो कूलंटसाठी. कूलंट म्हणजे रेडिएटरमधलं पाणी उकळू नये आणि कडाक्याच्या थंडीत गोठू नये म्हणून घालतात ते औषध. आमच्याकडे यायचं ते हिरवंगार असायचं, सरबतासारखं. वासही गोडसर, चवही गोडसर आणि पोटात गेलं तर जीव घेणारं. तेही जुनं झालं की साठवून वेगळ्या कारखान्यात पाठवायचं असतं. ऑइल काढायला काळं लोखंडी तसराळं, कूलंट काढायला पिवळं प्लास्टिकचं. काळं तसराळं माझ्यात रिकामं व्हायचं, पिवळं त्या कॅनमध्ये. हा गॅरेजचा कायदा.

मी भरलो की टँकर यायचा. टँकरवाल्याला सगळे उद्याराव म्हणत, कारण फोन केला की तो एकच उत्तर द्यायचा, "उद्या येतो." मग चार दिवसांनी उगवायचा.

"काय रे उद्याराव, तुझा उद्या आज झाला होय?" मिस्त्री म्हणायचा.

"रागावू नका मिस्त्री. टँकर म्हातारा झालाय, सांभाळून चालवावा लागतो."

"टँकर नाही, तू म्हातारा झालायस. टँकरला उगाच बदनाम करू नकोस."

उद्याराव आधी एक लांब काचेची नळी माझ्या बुडापर्यंत घालायचा, वरच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि नळी बाहेर काढून उजेडात धरायचा. वरपासून खालपर्यंत काळं असलं की मान हलवायचा आणि पाइप लावायचा. कूलंट ऑइलपेक्षा जड असतं, ते तळाला बसतं. कुणी मिसळलं असेल तर नळीत खाली हिरवी पट्टी दिसते. तसलं ऑइल तो घेत नसे. एकदा कुठल्याशा गॅरेजमधला मिसळलेला ड्रम त्यानं न बघता ओढला होता. पंधरा गॅरेजचं साठवलेलं ऑइल टँकरमध्ये होतं. कारखान्यानं सगळा टँकर परत फिरवला.

"ऑइल मरत नाही मिस्त्री, ते फक्त मळतं," उद्याराव सांगायचा. "पाणी उडवलं, घाण काढली की पुन्हा नवं. पण हे हिरवं त्यात पडलं की संपलं. मग जाळण्याशिवाय उपाय नाही."

एकदा त्यानं कारखान्यातून साफ होऊन आलेल्या ऑइलची एक बाटली आणून दिली. मिस्त्रीनं ती दारात, उन्हात धरली. मधासारखा रंग. बराच वेळ तो बघत राहिला. मग म्हणाला, "हे माझंच असेल का रे यातलं थोडं?"

त्याच दिवशी त्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "माझ्या हातून ही दोन ज्या दिवशी एकत्र होतील, त्या दिवशी पाना खाली ठेवला समजा. ज्याला काळं-हिरवं कळत नाही, त्यानं लोकांच्या इंजिनात हात घालू नये."

मिस्त्रीची बायको लवकर गेली. लेक तेव्हा सात वर्षांची होती. शाळा सुटली की ती सरळ गॅरेजमध्ये यायची, उलट्या टाकलेल्या खोक्यावर बसायची आणि माझ्या पोटाला पाठ टेकून अभ्यास करायची. नुकतंच ऑइल ओतलेलं असलं की माझं अंग कोमट असायचं. पुढे ती जाडजाड पुस्तकं वाचू लागली. त्यांच्या पानांवर काळे अंगठे उमटायचे, आणि वाचनालयातल्या बाई तिला दर वेळी बोलायच्या. तिनं हवं तिथवर शिक्षण घेतलं, आणि मग आपल्या मर्जीनं परत येऊन वडिलांच्या शेजारी उभी राहिली. तिनं बसवलेला क्लच मिस्त्री पुन्हा तपासत नसे. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "मोठ्या मिस्त्री त्या. मी धाकटा."

आणि वंगणी होती. वंगणी म्हणजे आमची मांजर. राखाडी, आणि पायांमधून इतकी सुळकन निसटायची की लेकीनं तिचं नाव वंगणी ठेवलं. ती माझ्या कोमट झाकणावर झोपायची. मित्रांनो, मला त्या वर्षांत कुणी हार घातला नाही की शाबासकी दिली नाही. पण झाकणावर एक झोपलेली मांजर होती. ड्रमला आणखी काय हवं असतं?

मिस्त्रीचे डोळे अधू होत चालले, हे सगळ्यात आधी मला कळलं. तो माझं तोंड हातानं चाचपून शोधू लागला. ऑइलची धार नरसाळ्याच्या कडेवर पडू लागली. पूर्वी तो अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून नुसत्या स्पर्शावरून सांगायचा, हे ऑइल, हे कूलंट. पण इतक्या वर्षांच्या पेट्रोलनं आणि सोड्यानं बोटांची टोकंही बधिर झाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा डोळ्याचा मागचा पडदा आहे, याला इलाज नाही. ही चिठ्ठी त्यानं लेकीला दाखवली नाही. घडी करून खिशात ठेवली आणि त्याच खिशात वर चिंधी कोंबली.

त्या दुपारी लेक पार्ट आणायला गेली होती. मिस्त्री एकटाच एका व्हॅनचं रेडिएटर उघडून बसला होता. दारातून ऊन थेट आत येत होतं. त्यानं पिवळं तसराळं उचललं, दोन पावलं चालला, माझं तोंड चाचपलं, नरसाळं बसवलं आणि ओतलं.

मित्रांनो, ते थंड होतं. ऑइलमधून ते खाली खाली उतरत गेलं आणि माझ्या बुडाशी जाऊन बसलं. मला ओरडायचं होतं. पण ड्रमला तोंड असतं, जीभ नसते. मिस्त्रीनं बूच लावलं, हात पुसले आणि शीळ घालत व्हॅनकडे गेला.

दोन दिवसांनी उद्याराव येणार होता. तो यायच्या आधी लेक स्वतः एकदा नळी घालून बघायची, अशी तिची पद्धत होती. त्या सकाळीही तिनं नळी घातली, अंगठा दाबला, वर काढली. खाली दोन बोटं हिरवं होतं.

ती तशीच उभी राहिली. पलीकडे मिस्त्री भुसा आणि साबण लावून हात धूत होता. व्हॅन कुणी केली होती, हे तिला ठाऊक होतं. त्यानं सगळ्यांसमोर काय म्हटलं होतं, तेही ठाऊक होतं. पाना खाली ठेवलेला बाप तिला डोळ्यांसमोर आणता येईना. त्याच्याकडे दुसरं होतं तरी काय? तिनं नळी पुसली आणि काही बोलली नाही.

उद्याराव आला. त्याची नळी बाहेर आली आणि तो थांबला.

"मिस्त्री, हे काय?"

"काय ते?"

"हिरवं आहे खाली."

"शक्यच नाही." मिस्त्रीनं नळी घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. त्याला पट्टी दिसत नव्हती. मग त्यानं नळीतलं थोडं तळहातावर सोडून वास घेतला. त्याचा चेहरा एकदम लहान झाला. "म्हणजे माझ्या..."

"मी ओतलं बाबा," लेक म्हणाली. "माझ्या हातून झालं. घाईत होते."

क्षणभर मिस्त्रीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. ते मी पाहिलं, आणि तिनंही पाहिलं असणार. मग तो तिच्यावर असा बरसला, की उद्याराव चार पावलं मागे सरकला.

"डोळे कुठे होते तुझे? पिवळं आणि काळं कळत नाही तुला? एवढी पुस्तकं वाचून हे शिकलीस?"

"चुकलं बाबा."

"चुकलं म्हणजे? सव्वीस वर्षांत या ड्रमला कुणी नाव ठेवलं नव्हतं! आजपासून याला हात लावायचा नाही. तसराळ्यांनाही नाही. काढायचं मी, ओतायचं मी."

"जाऊ द्या हो मिस्त्री," उद्याराव म्हणाला. "पोरगी आहे, होतं."

"माझ्या पोरीकडून होत नाही," मिस्त्री म्हणाला, आणि हे त्या सगळ्यात वाईट होतं.

टँकर मला तसंच ठेवून गेला. जाताना उद्यारावनं माझ्यावर 'कूलंट मिसळलेलं' असं लिहिलेली लाल पट्टी चिकटवली. जाळायच्या मालाची वेगळी गाडी यायला तीन महिने लागले. तोवर मी ते सगळं पोटात घेऊन उभा होतो. गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक जण ती पट्टी वाचायचा आणि मिस्त्री प्रत्येकाला सांगायचा, "लेकीचा प्रताप." त्यानंतर उद्याराव तिला "हिरवी ताई" म्हणू लागला. थट्टेनंच म्हणायचा, पण दर फेरीला म्हणायचा. ती हसायची.

मित्रांनो, तिनं हे मायेनं केलं. त्या दिवशी मलाही ते बरोबर वाटलं होतं. पण त्याचा परिणाम बघा. ज्या हातांना आता काळं-हिरवं कळत नव्हतं, त्याच हातांत दोन्ही तसराळी कायमची गेली. जी सांभाळू शकली असती, तिला मनाई झाली. लेकीनं पिवळ्या तसराळ्याच्या कडीला सुतळी गुंडाळली. "हात घसरतो ना तुमचा," असं कारण सांगितलं. सुतळीचा खरखरीतपणा बधिर बोटांनाही कळायचा. ती कामाच्या आडून त्याच्यावर डोळा ठेवायची. त्यानं बूच उघडलं की तिचा पाना हवेत थांबायचा. दोन वर्षं अशी गेली आणि माझ्यात पुन्हा काही चुकीचं पडलं नाही. मला वाटलं, निभावलं.

मग एके दिवशी मिस्त्रीनं एका गाडीचं कूलंट काढलं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली. त्यानं तसराळं पायरीशी खाली ठेवलं आणि गेला. परत आल्यावर त्याला ते दिसलं नाही. पायरीच्या सावलीत ते तसंच उघडं राहिलं. लेक त्या वेळी दुसऱ्या गाडीच्या खाली, खड्ड्यात होती.

वंगणीला तहान लागली असावी.

संध्याकाळी ती माझ्या झाकणावर उडी मारायला गेली आणि चुकली. दुसऱ्यांदा चुकली. मग लडखडत भिंतीकडे गेली. लेकीला वाटलं, म्हातारी झाली. सकाळी मिस्त्रीच्या पायाला ती लागली. लेक तिला उचलून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे धावली. डॉक्टरांनी विचारलं, गोड वासाचं काही उघडं होतं का? दुपारी लेक परत आली तेव्हा तिच्या हातात फक्त टॉवेल होता.

मिस्त्री पायरीवर बसला होता. शेजारी पिवळं तसराळं. त्याच्या सुतळीवरून तो अंगठा फिरवत होता.

"याला तू हात लावला होतास?"

तिनं टॉवेल छातीशी धरला.

"तू कसा लावशील? मीच बंदी केली होती." त्याचा अंगठा सुतळीवर थांबला. "मग तेव्हाही मीच का?"

"नाही बाबा. तेव्हा मी."

"व्हॅन होती ती. तू पार्ट आणायला गेली होतीस. परत आलीस तेव्हा मी बॉनेट पाडलं होतं." त्याला सगळं आठवत होतं. डोळे गेले होते, आठवण शाबूत होती. "मला उगीच भुलवू नकोस आता."

लेकीनं टॉवेलची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"तुम्ही काम सोडलं असतंत, बाबा."

"हो. सोडलं असतं." तो उठला, चाचपत टेबलापाशी गेला, आणि खिशातला पाना काढून इतरांच्या रांगेत नीट ठेवला. "तो दिवस तू मला कळू दिला नाहीस पोरी. कळला असता तर ही वाचली असती."

तो ओरडला नाही. त्या आधीच्या दोन वर्षांत तो तिच्यावर कितीदा तरी ओरडला होता. आता शांतपणे बोलला, आणि ती माझ्याआड येऊन खाली बसली. उलटं खोकं कधीच मोडून गेलं होतं. ती फरशीवरच बसली.

मिस्त्री त्यानंतर अकरा महिने होता. दारातल्या खुर्चीत बसून असायचा. गाड्यांचे आवाज ऐकून अजूनही दुखणं सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं. पण हत्याराला त्यानं हात लावला नाही. दोघंही आपसात बोलत, जेवायला काय, फोन कुणाचा, गिऱ्हाईक कधी येणार. त्या दोन वर्षांबद्दल मात्र कुणी बोललं नाही. ती दोन वर्षं त्यांच्यामध्ये तिसऱ्या माणसासारखी बसून असायची.

एकदा उद्याराव आला आणि सवयीनं म्हणाला, "काय हिरवी ताई, बरंय ना?"

"उद्याराव, इकडे ये," मिस्त्रीनं खुर्चीतून हाक मारली. "ते कूलंट मी ओतलं होतं."

"कुठलं?"

"लाल पट्टी लागली होती ते. माझ्या हातून झालं. हिनं आपल्या अंगावर घेतलं."

उद्याराव पाइपाची गुंडाळी सोडवू लागला. "जाऊ द्या हो मिस्त्री. जुनी गोष्ट झाली."

"जाऊ कशी देऊ? दोन वर्षं तू हिला हिरवी ताई म्हणतोयस. आजपासून मला म्हण. हिरवा मिस्त्री." त्याचं पोट जरासं हललं. "आणि दारात मोठ्यानं म्हण. लोकांना ऐकू जाऊ दे."

उद्याराव हसला नाही. लेक आत निघून गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

मिस्त्री गेला, तो खुर्चीतच. सकाळच्या वेळी, समोरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकत. "याचा सायलेन्सर..." एवढंच म्हणाला. लेक पुढचं ऐकायला थांबली होती.

तेराव्या-चौदाव्या दिवशी तिनं शटर उघडलं. कुणाच्या तरी गाडीचं ऑइल काढलं, काळं तसराळं उचलून माझ्यापाशी आली आणि ओतलं. एक थेंब कडेवर पडला नाही. आता ते बघायला मागे कुणी नव्हतं.

काही आठवड्यांनी मी भरलो. उद्याराव आला. या वेळी त्याच दिवशी आला. मिस्त्रीच्या खुर्चीकडे न बघता तो टँकरचा पाइप ओढत सरळ माझ्याकडे निघाला.

"नमुना?" लेकीनं विचारलं.

"आता काय नमुना बघायचा ताई. मिस्त्रींचा ड्रम आहे हा. डोळे मिटून घेतो."

"डोळे मिटून नको."

"अहो, तुमच्यावर माझा..."

"काका, नमुना काढा," ती म्हणाली. "माझ्या हातून काही झालं असेल, तर मला आजच कळू दे."

उद्यारावनं पाइप खाली ठेवला. टँकरमधून नळी आणली, माझ्या बुडापर्यंत घातली, अंगठा दाबला, वर काढली आणि तिच्यासमोर उजेडात धरली. वरपासून खालपर्यंत काळं. तिनं ते नीट पाहिलं. मग मान हलवली आणि पाइप लावायला तिनंच हात दिला.

मी रिकामा झाल्यावर तिला माझ्या शिवणीखाली एक ओली रेघ दिसली. तिनं बोटानं पुसली. थोड्या वेळानं ती पुन्हा उमटली. जोडाला काहीतरी फासून मला आणखी वर्ष-दीड वर्ष ढकलता आलं असतं. तसं करणारे पुष्कळ असतात. मग एक दिवस ऑइल फरशीखाली उतरतं आणि कुठल्या तरी विहिरीत निघतं. ती माझ्याशेजारी उकिडवी बसली. तिनं माझ्या पोटावर, त्या पुसट पांढऱ्या अक्षरांवर तळहात ठेवला.

"गळायला लागलास तू," ती म्हणाली. "आता बास. खूप केलंस."

मला वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? पण मला खरं सांगितलं गेलं, आणि वेळेवर सांगितलं गेलं. माझ्या हातून कुणाचं पाणी खराब व्हायच्या आधी. माझ्या जागी आता नवा ड्रम उभा आहे. माझा पत्रा वितळवतील आणि त्याचं काहीतरी होईल. काय होईल ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, जळकं ऑइल चरात ओतू नका, त्यात कूलंट मिसळू नका, कूलंटचं भांडं एक क्षणही उघडं ठेवू नका. हे सांगायलाच हवं आणि ते माझ्या पोटावर लिहिलेल्यातच आलं. दुसरं मात्र कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून मी सांगतो. तुमच्या घरात कुणाचा हात चुकायला लागला, तर त्याची चूक गुपचूप आपल्या अंगावर घेऊ नका. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. वाईट वाटणारच. त्याच्या शेजारी बसा, अंगावर हात ठेवा, आणि सांगा.